खात्रीची फाइल, तरी विंडोज म्हणतंय ब्लॉक्ड: दर वेळी तेच का होतं आणि काय करायचं

रिटर्नचा सीझन आला की ठरलेला फोन येतो. आयकर पोर्टलवरून आयटीआरची, म्हणजे आयकर रिटर्नची, एक्सेल युटिलिटी (रिटर्न भरायची तयार एक्सेल फाइल) डाउनलोड केली, उघडली, वर लाल पट्टी आली, मॅक्रो (फाइलीच्या आत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) ब्लॉक केलेत म्हणे, आणि मॅक्रो बंद म्हणजे त्या युटिलिटीतलं एक बटण चालत नाही, व्हॅलिडेट होत नाही, पोर्टलवर चढवायची जेसन फाइल तयार होत नाही. मागच्या वर्षी कुणीतरी येऊन काहीतरी करून दिलेलं असतं, ते नेमकं काय केलं ते ऑफिसात कुणालाच आठवत नाही, आणि यंदाची युटिलिटी नवी असल्यामुळे परत पहिल्यापासून सुरुवात. त्यात शेवटचे दिवस, पोर्टल रखडलेलं, क्लायंट समोर बसलेला, मग कुणीतरी सल्ला देतं की सिक्युरिटी सगळी ऑफ करून टाका, चालतंय. आणि ती ऑफ केलेली सिक्युरिटी वर्षभर तशीच राहते, ज्या कॉम्प्युटरवर दोनशे लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट आणि पासवर्ड पडलेले असतात त्याच कॉम्प्युटरवर. हे होऊ नये म्हणून लिहितोय. अडलेली एक फाइल सोडवायला सगळं बंद करायची गरज कधीच पडत नाही.

आधी हे का होतं ते बघू, कारण ते कळलं की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. ब्राउझरमधून किंवा मेलमधून फाइल उतरवली की तिला एक छोटी चिठ्ठी चिकटते, ही फाइल इंटरनेटवरून आलीय एवढंच सांगणारी. मार्क ऑफ द वेब म्हणतात त्याला, फाइलींना ती लावायची पद्धत विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासूनची, म्हणजे २००४ पासूनची आहे. ही चिठ्ठी फाइलीच्या मजकुरात नसते, एनटीएफएस (विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या) डिस्कवर फाइलीला जोडलेल्या एका लपलेल्या कप्प्यात असते, त्यामुळे ती दिसत नाही, फाइलीचं नाव बदललं तरी जात नाही, त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली तरी सोबत जाते. मग एक्सेल उघडताना ती वाचतं, स्मार्टस्क्रीन (अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारा विंडोजचा पहारेकरी) वाचतं, एक्सप्लोररचं प्रिव्ह्यूसुद्धा वाचतं, आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत वॉर्निंग देतो. तुम्हाला वाटतं तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत, मुळात चिठ्ठी एकच असते.

म्हणजे ती लाल पट्टी आली याचा अर्थ फाइलीत व्हायरस सापडला असा होत नाही. फाइल बाहेरून आलीय आणि आत मॅक्रो आहेत, एवढंच एक्सेलला माहितीय. सरकारी पोर्टलवरची फाइल आणि कुठल्यातरी फसव्या मेलमधली फाइल यात त्याला फरक करता येत नाही, तो फरक तुम्हाला करायचाय.

२०२२ च्या आधी पिवळी पट्टी यायची, एनेबल कंटेंट दाबलं की काम सुरू. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी फेब्रुवारीत जाहीर केलं की इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींमधले मॅक्रो आता सरळ बंद राहणार, मधे जुलैमध्ये थोडे दिवस मागे घेतलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी परत लागू केलं. कारण उघड आहे, १९९९ च्या मेलिसा व्हायरसपासून ते इमोटेट या मालवेअरपर्यंत वर्षानुवर्षं लोकांना फसवायचा हाच रस्ता होता, मेलमध्ये वर्ड किंवा एक्सेल फाइल आणि त्यात लिहिलेलं की कृपया एनेबल कंटेंट दाबा. लोक दाबायचे. म्हणून बाहेरून आलेल्या फाइलींसाठी ते बटणच काढून टाकलं. आपल्याकडे त्रास यासाठी जास्त झाला की आपली बरीचशी सरकारी कामं मॅक्रोवाल्या एक्सेलवर चालतात, आयटीआर झालं, जीएसटीआर-९ आणि ९सीचं ऑफलाइन टूल झालं. मायक्रोसॉफ्टचा निर्णय मला योग्यच वाटतो, पण तो घेतला तेव्हा इथल्या टॅक्स कन्सल्टंटला कुणी आधी सांगितलं नाही, हेही तितकंच खरं.

आता उपाय. एक्सेल पूर्ण बंद करा, नुसती ती फाइल नाही, सगळं एक्सेल. मग फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅब, आणि अगदी खाली सिक्युरिटी म्हणून एक ओळ दिसेल, ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आलीय वगैरे, त्याच्या शेजारी अनब्लॉकचा चौकोन. तिथे टिक करा, अप्लाय, ओके. चिठ्ठी निघाली. आता फाइल उघडा, फार तर एकदा पिवळी पट्टी येईल, तिथे एनेबल कंटेंट दाबलं की बटणं चालायला लागतात.

पण बहुतेकांचं घोडं इथे अडतच नाही, ते त्याच्या एक पायरी आधी अडतं. युटिलिटी येते झिपमध्ये. चिठ्ठी लागलेली असते झिपला, आणि विंडोजच्या स्वतःच्या एक्स्ट्रॅक्टने झिप उघडली की आतल्या प्रत्येक फाइलीला तीच चिठ्ठी चिकटते. म्हणून आधी झिपलाच प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा आणि मग एक्स्ट्रॅक्ट करा, आतलं सगळं स्वच्छ निघेल. हा क्रम लक्षात ठेवा. आधी एक्स्ट्रॅक्ट करून नंतर झिप अनब्लॉक केली तर बाहेर निघालेल्या फाइलींना काही फरक पडत नाही, त्या तशाच ब्लॉक राहतात, आणि मग माणूस म्हणतो अनब्लॉक करून पण होत नाही.

आणखी एक, जे मी जवळपास प्रत्येक ऑफिसात बघतो: झिप एक्स्ट्रॅक्टच न करता तिच्या आत शिरून एक्सेलवर डबल क्लिक. फाइल उघडते खरी, पण ती टेम्प फोल्डरमधून उघडलेली असते, तिथे अनब्लॉक करायला काही सापडत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे तासभर बसून भरलेला डेटा सेव्ह करताना कुठे गेला ते कळत नाही. झिप दिसली की आधी एक्स्ट्रॅक्ट ऑल, आपल्या फोल्डरमध्ये, मग बाकीचं.

प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक दिसतच नाही असंही होतं. तेव्हा एकतर फाइलीला चिठ्ठी नाहीय आणि अडचण दुसरीच आहे, किंवा फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये आहे (त्याचं पुढे लिहितो), किंवा तुम्ही शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडलीय, किंवा कंपनीच्या आयटीवाल्यांनी पॉलिसी लावलीय. शेवटचं असेल तर त्यांनाच विचारा, त्यांच्या मागून वाट काढायचा प्रयत्न करू नका.

फाइली खूप असतील, म्हणजे क्लायंटने अख्खा फोल्डर पाठवलाय आणि एकेक करून अनब्लॉक करणं शक्य नाही, तर त्या फोल्डरमध्ये जाऊन रिकाम्या जागी राइट क्लिक करा, विंडोज ११ ला ओपन इन टर्मिनल येतं, त्यात पॉवरशेल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडेल. तिथे डीआयआर, स्पेस, हायफन रिकर्स, स्पेस, उभी रेघ, स्पेस, अनब्लॉक-फाइल, असं अर्थात इंग्रजीत टाइप करून एंटर मारा, त्या फोल्डरमधल्या आणि आतल्या फोल्डरांमधल्या सगळ्या फाइलींची चिठ्ठी निघते. एंटर मारायच्या आधी डावीकडे फोल्डरचं नाव वाचा. ही कमांड अख्ख्या डाउनलोड्समध्ये चालवली तर सहा महिन्यांपूर्वी कुठून काय उतरलं होतं त्यालाही मोकळीक मिळते, आणि ते नको.

हे सगळं झालं त्या एका फाइलीपुरतं. पोर्टलवर युटिलिटीची नवी व्हर्जन येते, सीझनमध्ये तर दोन-तीनदा येते, आणि प्रत्येक वेळी नवी फाइल, नवी चिठ्ठी, नवी लाल पट्टी. हे परत परतचं थांबवायचं असेल तर ट्रस्टेड लोकेशन करून ठेवा. सी ड्राइव्हवर एक वेगळा फोल्डर करा, समजा आयटी युटिलिटी नावाचा. मग एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, ट्रस्टेड लोकेशन्स, अ‍ॅड न्यू लोकेशन, तो फोल्डर निवडा, आतले सबफोल्डरही हवेत तर तिथे टिक. आता त्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल चिठ्ठीसकट असली तरी एक्सेल मॅक्रो चालू देतं, विचारत नाही.

विचारत नाही म्हणजे खरंच विचारत नाही, म्हणून त्या फोल्डरचा नियम कडक ठेवा: पोर्टलवरून तुम्ही स्वतः उतरवलेल्या युटिलिटीच तिथे जाणार, क्लायंटच्या फाइली नाही, मेलच्या अटॅचमेंट नाही, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली युटिलिटी तर मुळीच नाही. डाउनलोड्स किंवा डेस्कटॉप ट्रस्टेड लोकेशन केलेले कॉम्प्युटर मी बघितलेत, अख्खा डी ड्राइव्ह केलेलेही बघितलेत. तसं करणं म्हणजे ती सोय असून नसल्यासारखी. ट्रस्ट सेंटरमध्येच एनेबल ऑल मॅक्रोज म्हणून एक पर्याय असतो, त्याला हात लावू नका. चिठ्ठी असलेल्या फाइलीची लाल पट्टी त्याने जाईलच असंही नाही, आणि बाकीच्या सगळ्या फाइलींना मात्र रान मोकळं होतं.

आता एक गोष्ट जी फार कमी जणांना माहितीय आणि फार उपयोगाची आहे. ती चिठ्ठी वाचता येते. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि डीआयआर, स्पेस, तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची), आर असं टाइप करा. नेहमीची फाइलींची यादी येईल, पण ज्यांना चिठ्ठी आहे त्यांच्याखाली अजून एक ओळ दिसेल, फाइलीचं नाव, कोलन, आणि झोन डॉट आयडेंटिफायर. आता नोटपॅड, स्पेस, फाइलीचं पूर्ण नाव एक्स्टेंशनसकट, कोलन, झोन डॉट आयडेंटिफायर असं टाइप करून एंटर मारा, फाइलीच्या नावात स्पेस असेल तर नावापासून शेवटपर्यंत सगळं अवतरण चिन्हात. नोटपॅडमध्ये तीन-चार ओळी उघडतात. वर चौकटी कंसात झोनट्रान्स्फर, खाली झोनआयडी बरोबर ३, तीन म्हणजे इंटरनेट, आणि बऱ्याचदा त्याखाली रेफररयूआरएल आणि होस्टयूआरएल, म्हणजे फाइल ज्या पत्त्यावरून उतरली तो अख्खा पत्ता.

हा पत्ता सोनं आहे. असिस्टंट म्हणतो युटिलिटी पोर्टलवरूनच घेतली, तर इथे इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन असं शेवट होणारं डोमेन दिसायला हवं. दुसऱ्याच कुठल्या टॅक्सच्या माहितीच्या साइटचं नाव दिसलं, किंवा मेलचा पत्ता दिसला, तर ती फाइल कुणीतरी फॉरवर्ड केलेली आहे, ती टाकून द्या आणि पोर्टलवरून नवी घ्या. युटिलिटी फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे, फॉरवर्ड केलेली वापरायचं काहीच कारण नाही. फक्त लक्षात ठेवा, इनकॉग्निटोमध्ये उतरवलेल्या फाइलीत हा पत्ता येत नाही. आणि हे सगळं अनब्लॉक करायच्या आधी बघायचं, कारण अनब्लॉक केलं की चिठ्ठीच पुसली जाते.

यावरून एक जुनं कोडंही सुटतं. मेलवर आलेली फाइल ब्लॉक होते आणि तीच फाइल पेन ड्राइव्हवरून आणली तर मुकाट चालते, असं का? बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेले असतात, त्यात तो लपलेला कप्पाच नसतो, म्हणून कॉपी करताना चिठ्ठी गळून पडते. म्हणजे पेन ड्राइव्हवरून वॉर्निंग आली नाही याचा अर्थ फाइल सुरक्षित आहे असा काढू नका, विंडोजला ती कुठून आली हे कळलंच नाही इतकंच. झिप उघडायच्या सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरचंही तसंच, त्याच्या सेटिंगमध्ये झोन आयडी पुढे पाठवायचा पर्याय २०२२ पासून आहे पण तो आपणहून चालू नसतो, त्यामुळे त्याने एक्स्ट्रॅक्ट केलेल्या फाइलींना सहसा चिठ्ठी लागत नाही. आणि सेव्हन-झिप वापरत असाल तर व्हर्जन बघा, २४.०९ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये पर्याय चालू असला तरी चिठ्ठी चुकवता येईल अशी एक खोट होती आणि तिचा वापर युक्रेनमधल्या लोकांवर हल्ले करायला झालाय. ते सॉफ्टवेअर स्वतःहून अपडेट होत नाही, तुम्हालाच नवं टाकावं लागतं.

नेटवर्कचा प्रॉब्लेम वेगळा आहे आणि छोट्या ऑफिसात सगळ्यात जास्त वैताग त्याचाच. सगळ्या फाइली एका सर्व्हरवर किंवा नॅस डब्यावर (नेटवर्कला जोडलेल्या हार्ड डिस्कवर), प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्ह मॅप केलेला, आणि तिथून काही कॉपी करा, एक्सई (सॉफ्टवेअरची फाइल) चालवा, की विंडोज विचारतं या फाइलींमुळे कॉम्प्युटरला धोका होऊ शकतो, नक्की? रोज, प्रत्येक वेळी. इथे फाइलीला चिठ्ठी असायचीही गरज नसते. ड्राइव्ह मॅप करताना सर्व्हरचं नाव न टाकता आयपी अ‍ॅड्रेस टाकलेला असतो, एकशे ब्याण्णव डॉट एकशे अडुसष्ट वगैरे, आणि पत्त्यात डॉट दिसले की विंडोज त्याला इंटरनेटवरची जागा समजतं, भले तो डबा तुमच्याच टेबलाखाली असो.

सोपा उपाय म्हणजे मॅपिंग काढा आणि आयपीऐवजी सर्व्हरचं नाव टाकून परत मॅप करा, बहुतेक ठिकाणी तेवढ्याने संपतं. नावाने सापडत नसेल तर कंट्रोल पॅनलमधून इंटरनेट ऑप्शन्स उघडा, सिक्युरिटी टॅब, लोकल इंट्रानेट, साइट्स, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे तो आयपी टाका, खालची एचटीटीपीएस हवंच म्हणणारी टिक काढा नाहीतर तो घेणार नाही, अ‍ॅड करून बाहेर या. प्रत्येक कॉम्प्युटरवर एकदा करावं लागतं. फक्त आपल्या सर्व्हरचा आयपी टाका, तिथे बाहेरच्या वेबसाइट भरत बसू नका. आणि मॅक्रोवाली फाइल नेटवर्कवरून उघडायची असेल तर ट्रस्टेड लोकेशन्समध्ये नेटवर्कसाठी वेगळी टिक असते, तिच्यापुढे मायक्रोसॉफ्टनेच शिफारस नाही असं लिहिलंय, मीही तेच म्हणेन, युटिलिटी आपल्या सी ड्राइव्हवर ठेवा आणि तयार झालेली जेसन तेवढी सर्व्हरवर टाका.

२०२५ च्या ऑक्टोबरनंतर एक नवं सुरू झालंय. एक्सप्लोररमध्ये पीडीएफवर एकदा क्लिक केलं की उजवीकडे प्रिव्ह्यू दिसायचा, बिलं चाळायला फार बरं पडायचं, आणि अचानक तिथे मेसेज यायला लागला की या फाइलीचा प्रिव्ह्यू तुमच्या कॉम्प्युटरला धोकादायक ठरू शकतो. पीडीएफ रीडर बिघडला समजून लोकांनी तो काढून परत टाकला. त्याचा काही संबंध नाही. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज अपडेटपासून चिठ्ठी असलेल्या फाइलींचा प्रिव्ह्यू मुद्दाम बंद केलाय, कारण नुसत्या प्रिव्ह्यूतून, फाइल न उघडताच, तुमच्या लॉगिनची माहिती बाहेरच्या सर्व्हरकडे जाऊ शकते असं आढळलं होतं. ओळखीच्या फाइली असतील तर वर सांगितल्यासारखं अनब्लॉक करा, लगेच फरक दिसला नाही तर साइन आउट करून परत या. आणि सर्व्हरवरच्या फाइलींचा प्रिव्ह्यू जात असेल तर पुन्हा तोच आयपीचा प्रकार, लोकल इंट्रानेटमध्ये टाकला की येतो.

आता एक्सई. आपल्याकडे पतसंस्था, दूध संस्था, दुकानांची बिलिंग, हे बरंचसं तालुक्याच्या गावातल्या एखाद्या डेव्हलपरने केलेल्या सॉफ्टवेअरवर चालतं, आणि ती चांगली माणसं असतात, रात्री अकराला फोन उचलतात. पण त्यांनी अपडेट पाठवला की निळा पडदा येतो, विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी, आणि एकच मोठं बटण, डोन्ट रन. हे स्मार्टस्क्रीन. ते बघतं की ही फाइल जगात किती जणांनी चालवलीय आणि तिच्यावर कुणाची सही आहे. दहा संस्थांपुरती बनवलेली एक्सई त्याने कधी पाहिलेलीच नसते, प्रत्येक अपडेटला फाइल बदलते म्हणजे ओळख परत शून्यापासून. मोअर इन्फो दाबलं की रन एनिवे येतं, पण त्याआधी डेव्हलपरला फोन लावा, त्याने दिलेल्या मेसेजमधल्या नंबरवर नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, आणि विचारा अपडेट तुम्हीच पाठवलाय ना, फाइलीचं नाव काय, साइज किती. तेवढं जुळलं की मग चालवा.

आणि हे कोणी डेव्हलपर वाचत असेल तर कळकळीची विनंती, कोड सायनिंग सर्टिफिकेट (सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करायचं) घ्या. खर्च आहे, आणि जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित यंत्रणेत ठेवावी लागते, म्हणजे थोडी कटकटही आहे. जीएसटी भरायला वापरता तो डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) त्यासाठी चालत नाही, ते सर्टिफिकेट वेगळं. पण सही असली की ओळख तुमच्या नावाला मिळत जाते, प्रत्येक अपडेटला शून्यापासून सुरू होत नाही, आणि ग्राहकाला प्रॉपर्टीजच्या डिजिटल सिग्नेचर्स टॅबमध्ये तुमचं नाव बघून खात्री करता येते. तुम्ही ग्राहकांना रन एनिवे दाबायची सवय लावली तर उद्या तुमच्या नावाने दुसऱ्याने पाठवलेलीही ते तसंच चालवतील.

डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने, फाइल उचलूनच नेली तर मात्र ही गोष्ट चिठ्ठीची नाही. तिथे फाइलीच्या आतलं काहीतरी त्याला खटकलंय. काल चालणारं सॉफ्टवेअर आज डबल क्लिक केल्यावर फाइल सापडत नाही म्हणतं, डेस्कटॉपवरचं आयकॉन पांढरं पडलंय, तर विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये प्रोटेक्शन हिस्टरी बघा. तिथे नाव दिसेल. नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि एमएल असेल तर तो मशीन लर्निंगने बांधलेला अंदाज आहे, आणि छोट्या डेव्हलपरच्या एक्सईवर असे अंदाज चुकतात. पण चुकतात म्हणजे नेहमी चुकतात असं नाही, म्हणून रिस्टोर दाबायची घाई नको. डेव्हलपरला विचारा की बाकीच्या संस्थांमध्ये पण झालंय का. ती एक्सई व्हायरसटोटलवर टाकून बघा, तिथे सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस एकदम तपासतात, एक-दोन अनोळखी नावांनी लाल दाखवलं तर गैरसमज असू शकतो, पंधरा-वीस मोठ्या नावांनी दाखवलं तर विषय संपला, फाइल डिलीट. व्हायरसटोटलवर फक्त सॉफ्टवेअर टाकायचं, क्लायंटची स्टेटमेंट, बॅलन्स शीट, सभासदांची यादी कधीही नाही, कारण तिथे टाकलेली फाइल इतर कंपन्यांनाही मिळू शकते.

एक्सक्लूजन (हे तपासू नको अशी अँटिव्हायरसला सूट) द्यावंच लागलं तर नेमक्या त्या फाइलीपुरतं द्या. अख्खा सी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये टाकलेला कॉम्प्युटर म्हणजे अँटिव्हायरस नसलेला कॉम्प्युटर. आणि डेव्हलपरला सांगा की मायक्रोसॉफ्टकडे फाइल तपासायला पाठवता येते, चुकून पकडली असेल तर ते दुरुस्त करतात, मग सगळ्याच ग्राहकांचा प्रश्न एकदम मिटतो.

उरलेले दोन प्रकार थोडक्यात. सॉफ्टवेअर उघडतं पण डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह होत नाही, भलतीच एरर देतं, तर रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस (अनोळखी सॉफ्टवेअरला अशा फोल्डरमध्ये लिहू न देणारी सोय) कुणी चालू केलंय का बघा आणि तिथेच अलाऊ अ‍ॅन अ‍ॅपमधून त्या एका सॉफ्टवेअरला परवानगी द्या. आणि विंडोज ११ चा नवा लॅपटॉप असेल आणि मोअर इन्फो, रन एनिवे असं काही न येता एक्सई सरळ बंद पडत असेल तर ते स्मार्ट अ‍ॅप कंट्रोल असू शकतं, त्यात एकाच फाइलीला सूट देता येत नाही, आणि ते बंद केलं तर परत चालू करायला बराच काळ विंडोज रीसेटच करावं लागायचं, तेव्हा बंद करायच्या आधी डेव्हलपरकडे सही केलेली फाइल मागून बघा.

कुठलीही वॉर्निंग ओलांडायच्या आधी एक सेटिंग सगळ्यांनी आजच करा. एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेंशन्स चालू करा. हे बंद असतं म्हणून बिल डॉट पीडीएफ डॉट एक्सई ही फाइल नुसती बिल डॉट पीडीएफ अशी दिसते, आयकॉनही पीडीएफचं लावलेलं असतं, आणि माणूस फसतो. बिल, नोटीस, चलान यांच्या शेवटी एक्सई, जेएस, व्हीबीएस, एलएनके असं काही दिसलं तर तिथे विश्वासाचा प्रश्नच येत नाही. मोबाइलवर हेच एपीकेच्या, म्हणजे अ‍ॅपच्या फाइलीच्या, रूपात येतं, आरटीओ चलान म्हणून, लग्नपत्रिका म्हणून, आणि बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. फोन म्हणतो अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करू नका, तर त्या वेळी फोनचं ऐका, लग्नाची पत्रिका बघायला अ‍ॅप लागत नाही. इन्स्टॉल झालंच असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

एवढं करूनही अडलं तर मदत मागताना नुसतं फाइल उघडत नाही असं लिहू नका. मेसेजचा स्क्रीनशॉट द्या, पट्टी लाल की पिवळी की निळा पडदा ते सांगा, फाइल झिपमधून काढली का, नेटवर्कवर आहे का, विंडोज आणि ऑफिस कुठलं, प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक दिसतंय का. स्क्रीनशॉटमध्ये क्लायंटचं नाव आणि पॅन झाकून टाका.